गजावरून उतरताना

श्रवणबेळगोळच्या यात्रेस जाणारे बहुतेक यात्रेकरू भगवान बाहुबलींचे दर्शन घेऊन म्हैसूरची किंवा बेंगळुरूची वाट धरतात. नगरच्या बाजारपेठेत धान्याची आडत चालविणारे एक कुटुंब गेल्या माघात मात्र तेथून पश्चिमेस वळले. सत्तरी ओलांडलेले दादाजी, दादीजी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू अशी पाच माणसे होती. त्यांना जायचे होते कोडगू जिल्ह्यातील दुबारे येथे, कावेरीच्या काठी असलेल्या वनखात्याच्या हत्ती-तळावर.

हट्ट नातवाचा होता; पण दादाजींनी तो लगेच मान्य केला, त्यास एक कारण होते. वैशाखात नगरमध्ये एका मुमुक्षू भगिनीची दीक्षा व्हावयाची होती. वर्षीदानाच्या वरघोड्यात आगमग्रंथ घेऊन हत्तीवर बसण्याचा चढावा श्रीसंघाने बोलविला, तेव्हा बोली चढत गेली आणि अखेरीस दादाजींच्या नावावर थांबली. दोन पिढ्यांच्या आडतीत घराण्याला असा मान प्रथमच लाभला होता. ज्या प्राण्यावर बसावयाचे, तो एकदा जवळून पाहावा, असे त्यांच्या मनात होते. उंचावर बसण्याची थोडी धास्तीही होती. ती त्यांनी कोणास बोलून दाखविली नव्हती.

विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या दादाजी सावकाश चढले. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने इ. स. 981च्या सुमारास घडविलेली ती सुमारे 57 फूट उंचीची एकसंध मूर्ती समोर आली की बोलणे आपोआप थांबते. पायांवर चढलेल्या वेली, दोन्ही बाजूंची वारुळे, आणि चरणांपाशी कोरलेली मराठी अक्षरे. मराठीच्या जुन्या शिलालेखांत यांची गणना होते. म्हणून मराठी भाविकास येथे परके वाटत नाही. चढणीच्या वाटेवर ‘अखंड बागिलु’ नावाचा, एकाच खडकात कोरलेला दरवाजा लागतो. त्याच्या माथ्यावर गजलक्ष्मी आहे आणि दोन हत्ती तिला स्नान घालीत आहेत. आपल्या धर्मजीवनात हत्ती सर्वत्र असाच भेटतो. अजितनाथ भगवानांचे लांछन हत्ती, तीर्थंकरांच्या मातेच्या स्वप्नांत शुभ्र गज, इंद्राचे वाहन ऐरावत.

समोरच्या चंद्रगिरीची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. जैन परंपरेनुसार सम्राट चंद्रगुप्त मौर्य राज्य त्यागून आचार्य भद्रबाहूंच्या मागोमाग येथे आले आणि येथेच त्यांनी देह ठेवला. ग्रीक इतिहासकार सांगतात की याच चंद्रगुप्ताने सेल्युकसाशी तह करताना त्यास 500 हत्ती दिले होते. ज्याच्या पदरी हत्तींची अशी गणती, तो अखेरीस एका उघड्या टेकडीवर पायी चालत आला.

मूर्तीसमोर बसून दादाजींनी नातवास बाहुबलींची कथा सांगितली. श्वेतांबर परंपरेत ती ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींपाशी येऊन पूर्ण होते. वर्षभर ध्यानात उभे राहूनही केवलज्ञान होईना. कारण आपल्या आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा अभिमान मनात राहिला होता. तेव्हा भगिनी आल्या आणि म्हणाल्या, की बंधो, हत्तीवरून खाली उतरा.

“पण ते तर उभे होते ना, दादाजी? हत्ती कुठे होता?” नातवाने विचारले.

“हत्ती मनात होता.”

“मग बहिणींना कसा दिसला?”

दादाजींना हसू आले. उत्तर मात्र त्यांनी दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार होळेनरसीपूर, अरकलगूड, कोणनूर या मार्गाने निघाली. हासन जिल्ह्याचा हा भाग भाताचा, नारळाचा आणि नाचणीचा. शेतकऱ्यांनी मळणीसाठी रस्त्यावर काही पसरलेले दिसले की दादाजी काच खाली करून धान्याची प्रत पाहात. कोणनूर मागे पडल्यावर जमीन उंचसखल होऊ लागली. सिल्व्हर ओकच्या उंच खोडांवर काळ्या मिरीचे वेल चढलेले दिसू लागले आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झुडपे. चालक हासनकडचा होता. मोडकी का होईना, हिंदी बोलत होता. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे म्हणून त्याने गाडी वेळेत कुशालनगरला पोहोचविली.

रात्री तळावर जाता येत नाही. हत्ती पाहावयाचे ते सकाळी, कावेरीत त्यांच्या स्नानाच्या वेळी. नवकारशी पारून मंडळी निघाली. कुशालनगरपासून दुबारे सुमारे 15 किलोमीटरवर आहे. गुड्डेहोसूरवरून नंजरायपट्टणकडे जाणारा रस्ता नदीच्या काठाने जातो. तळ पलीकडच्या तीरावर असल्याने नावेने नदी ओलांडावी लागते. माघातील कावेरी शांत होती. पाण्यातून वर आलेल्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, आणि दोन्ही काठांवरची झाडे पाण्यापर्यंत वाकली होती.

हत्तींचा आवाज येण्यापूर्वी त्यांचा वास आला. ओल्या गवताचा, चिखलाचा, गोठ्याची आठवण देणारा, पण त्याहून भारी. मग झाडांमधून करड्या रंगाची एक भिंत हलली, आणि ती भिंत म्हणजे खांदा आहे, हे क्षणभराने उमगले. चार टनांहून अधिक वजनाचा तो प्राणी चालत आला, तरी पावलांचा आवाज होत नव्हता. हत्ती बोटांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते आणि सारा भार तिच्यावर पसरतो. शंभर किलोचे पोते हमालाने उतरविले तरी आडतीची फरशी दणदणते. दादाजी त्या पावलांकडे पाहातच राहिले.

एकामागून एक हत्ती नदीत उतरले. माहुताने शब्द उच्चारताच एक मोठा नर पाण्यात कुशीवर आडवा झाला; सोंडेचे टोक तेवढे वर राहिले आणि त्यातून फुस्स करून श्वास बाहेर पडला. माहूत आणि त्याचा मदतनीस, ज्याला येथे कावाडी म्हणतात, दोघे त्याच्या पाठीवर चढून ब्रशने कातडे घासू लागले. हे बहुतेक जेनु कुरुब समाजाचे लोक. ‘जेनु’ म्हणजे मध. या अरण्यांत मध गोळा करणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. हत्तीला वळवावयाचे असले की पायाच्या अंगठ्याने कानामागे जरासे दाबणे त्यांना पुरे होई.

स्नान आटोपून हत्ती वर आला तेव्हा नातू आणि त्याच्यामध्ये केवळ दहा फुटांचे अंतर होते. माहूत सोबत होता. त्याने हाताने थांबण्याची खूण केली. इतक्या जवळून हत्ती पूर्ण दिसत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिसतो. कातड्यावरील सुरकुत्यांत साठलेले पाणी, दाभणासारखे विरळ राठ केस, कानाच्या कडेवर आणि सोंडेवर वयाबरोबर उमटलेले गुलाबी ठिपके. सोंडेच्या टोकास बोटासारखा एकच उंचवटा असतो. आफ्रिकेतील हत्तीस तसे दोन असतात. आणि सर्वांत अनपेक्षित म्हणजे डोळा. एवढ्या मोठ्या डोक्यात लहानसा, तपकिरी, लांब पापण्यांचा. तो नातवाकडे पाहात होता. नातवाने दादाजींचे बोट घट्ट धरले, पण मागे सरकला नाही.

माहुताने चिखलातल्या एका ताज्या पाऊलखुणेकडे बोट दाखवून चालकास काही सांगितले. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून दुप्पट केला, की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची येते. नातवाने लगेच सामान बांधलेल्या पिशवीची सुतळी सोडली, ठशाभोवती फिरवली आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. दादाजींनी वितीने मापले. घेर साडेचार फूट भरला. म्हणजे नऊ फूट. आयुष्यभर मापाच्या व्यवहारात असलेल्या माणसास हे माप फार आवडले.

स्नानानंतर भरविण्याची वेळ. नाचणी शिजवून तिचे मोठे उंडे केले जातात, त्यांत गूळ असतो. माहूत उंडा थेट तोंडात देतो. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा खातो, शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, आणि खाल्ल्यापैकी निम्म्याहून कमी पचवितो. म्हणून त्यास बहुतेक दिवस आणि रात्रीचाही मोठा भाग चरावे लागते. येथले हत्ती रात्री जंगलात चरावयास सोडतात. पायात लांब साखळी असते. ती जमिनीवर घासत जाते आणि पहाटे तिच्या खुणेवरून माहूत आपला हत्ती शोधून आणतो.

उंडा खाऊन झाल्यावर माहुतास वर चढावयाचे होते. तो नुसता जवळ गेला. हत्तीने पुढचा पाय उचलून मागे दुमडला. माहूत त्यावर पाऊल ठेवून, कान धरून, सहज मानेवर जाऊन बसला. हत्तीने पाय खाली ठेवला. त्या पायात साखळीचे कडे होते आणि कड्याखालची कातडी घासून गुळगुळीत झाली होती.

“दादाजी, याला बांधून ठेवतात?”

“हो.”

“हा काय करेल, सोडला तर?”

या प्रश्नाचे उत्तर चालकाने दिले आणि ते एका वाक्याचे नव्हते. येथील काही हत्ती तळावरच जन्मले, काही पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामावर होते, आणि काही अलीकडे रानातून पकडून आणलेले. पूर्वी म्हैसूर संस्थानात खेद्दा होत असे. काकनकोटे येथे कबिनी नदीच्या काठी हाकारे घालून हत्तींचे कळपच्या कळप कुंपणात कोंडीत. तेथला अखेरचा खेद्दा 1971 साली झाला. आता पकडतात ते एकटे-दुकटे हत्ती, आणि कारण निराळे असते. हासन आणि कोडगूमधील जंगलांचे तुकडे झाले. मध्ये कॉफीचे मळे, धरणे, रस्ते आले. हत्ती मळ्यात शिरतात, कारण तेथे पाणी आहे, फणस आहे, केळी आहेत आणि सावली आहे. पहाटे कामावर निघालेला मजूर धुक्यात समोर येतो आणि जीव गमावतो. मग गावकरी रस्त्यावर येतात, तो हत्ती पकडण्याचा आदेश निघतो. पकडलेल्या हत्तीस जाड ओंडक्यांच्या ‘क्राल’ नावाच्या कोंडवाड्यात काही महिने ठेवून माणसाळवितात. त्यास सोडावे, तर तो पुन्हा मळ्यात येतो. “साहेब, हत्तीचीही चूक नाही, माणसाचीही नाही,” चालक म्हणाला. “माझ्या मावशीच्या गावात संध्याकाळी सहानंतर कोणी बाहेर पडत नाही.”

2025 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएवर आधारित गणनेनुसार देशात 22,446 रानहत्ती आहेत, आणि त्यांतील सर्वाधिक, 6,013, कर्नाटकात. तिलारीच्या खोऱ्यात, दोडामार्गच्या बागांत येणारे हत्तीही कर्नाटकातूनच महाराष्ट्रात उतरले. म्हणून हा प्रश्न आता केवळ दूरच्या प्रांताचा राहिलेला नाही.

चालकाने मग अर्जुनची हकीकत सांगितली. म्हैसूरच्या दसऱ्यात सुमारे 750 किलोची सोन्याची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाच किलोमीटर चालतो. अर्जुनने ती 2012 ते 2019 अशी आठ वर्षे वाहिली. वय झाल्यावर अंबारी उतरली, पण काम सुटले नाही. रानहत्ती पकडण्याच्या मोहिमांवर त्यास नेत असत. 4 डिसेंबर 2023 रोजी हासन जिल्ह्यातील सकलेशपूर तालुक्यात अशाच मोहिमेत एका रानटी नराशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. लोक धाय मोकलून रडले, त्याची समाधी बांधा म्हणाले. ज्या जिल्ह्यात बाहुबली उभे आहेत, त्याच जिल्ह्यात माणसांनी एका हत्तीस दुसऱ्या हत्तीवर घातले होते.

त्या संध्याकाळी कुशालनगरच्या मुक्कामी दादीजी प्रतिक्रमणास बसल्या. चाळीस वर्षांचा नेम. श्रावकाच्या पहिल्या व्रताच्या अतिचारांची आलोचना आली आणि त्या थबकल्या. पुरे झाल्यावर त्यांनी दादाजींना हाक मारली. “बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. रोज म्हणते मी हे. आज सकाळी डोळ्यांनी पाहिलं.”

हे पाच अतिचार श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांना मान्य आहेत, आणि ते बैल, घोडा, उंट, हत्ती बाळगणाऱ्या व्यापारी गृहस्थास डोळ्यांसमोर ठेवून सांगितल्यासारखे आहेत. बंध म्हणजे जिवास करकचून बांधणे. तळावरील साखळी रात्री निदान जमिनीवर सैल फरफटते. नगराच्या रस्त्यांवर फिरविल्या जाणाऱ्या हत्तीस ती सैलताही नसते. वध म्हणजे ताडन. अंकुश आणि काठी यांवाचून माणसाळविण्याची रीत अद्याप विरळाच आहे. छविच्छेद म्हणजे अवयव छेदणे. हत्तीच्या दाताचे टोक नखासारखे निर्जीव असते आणि ते कापले तरी दुखत नाही. पण मुळाशी नस असते, आणि संपूर्ण दात हवा असेल तर हत्तीस मारावेच लागते. दक्षिणेतील काही जंगलांत दातांच्या चोरट्या शिकारीने नरांची संख्या इतकी घटली, की नर-माद्यांचे प्रमाणच बिघडले. आशियाई हत्तीत दात असतात ते नरांना, माद्यांना नाहीत, म्हणून ही झळ नरांना बसली.

येथे व्यापारी समाजाने स्वतःचीही एक जुनी वही उघडून पाहावयास हवी. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, स्पष्ट सांगितला आहे. आणि वनकर्म, म्हणजे जंगल तोडून उपजीविका, हेही. तरीही राजस्थान-गुजरातच्या कित्येक घरांत हस्तिदंती चुडा हे सौभाग्याचे लेणे होते. दादीजींच्या सासूबाईंचा चुडा त्यांच्या पेटीत होता. 1986 साली भारतीय हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद झाला, त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोठून आला, कोणाचा दात होता, हे घरात कधी कोणी विचारले नव्हते. जे शास्त्राने बाजारात वर्ज्य केले, ते मंगल म्हणून मनगटावर आले, आणि ते कोणास खटकलेही नाही.

चौथा अतिचार, अतिभार. हत्तीच्या पाठीच्या कण्यावर हाडांची टोके वर आलेली असतात. कमानदार दिसणारी ती पाठ ओझ्यासाठी वाटते तितकी अनुकूल नाही. त्यावर अंबारी, अंबारीत माणसे, समोर ढोल-ताशे आणि खाली तापलेले डांबर. पाचवा, अन्नपाननिरोध. मिरवणुकीतील हत्तीस पेढे, केळी, नारळ भरपूर मिळतात. पण दिवसाचे सोळा-सतरा तास चालत चरणाऱ्या प्राण्यास हिरवा चारा, पाणी आणि चालण्यासाठी माती मिळत नसेल, तर तो उपाशी नसला तरी त्याचे अन्न रोखलेलेच असते. पायांचे रोग आणि सांधेदुखी बंदिस्त हत्तींना बहुधा यातूनच होतात.

हा हिशोब वाचताना महाराष्ट्रातील जैन वाचकास नांदणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. तीसहून अधिक वर्षे तेथील मठात राहिलेली महादेवी हत्तीण 2025च्या जुलैत न्यायालयांच्या निर्णयानंतर गुजरातमधील जामनगरला हलविली गेली. तिला निरोप देताना गाव रडले, पुढे हजारो लोक पायी मोर्चात चालले. ते प्रेम खोटे नव्हते. तिच्या पायांच्या आणि एकटेपणाच्या चिंतेने बोलणारेही शत्रू नव्हते. हत्तीण कळपात राहणारा जीव आहे. मायलेकी, मावश्या जन्मभर एकत्र चालतात. माणसाचे प्रेम तिला किती पुरते, हा प्रश्न प्रेम करणाऱ्यांनीच शांतपणे विचारावयाचा आहे. तो दुसऱ्या कोणी विचारला की भांडण होते.

रात्री दादाजींना झोप लागली नाही. त्यांना मेघकुमारांची कथा आठवत होती. ज्ञाताधर्मकथेतील पहिलीच कथा. त्यांनी ती पर्युषणात कितीदा ऐकली असेल. वनात वणवा पेटतो. हत्तींच्या कळपाचा नायक मेरुप्रभ याने आधीच झाडेझुडपे उपटून मोकळे मैदान करून ठेवलेले असते. सारे प्राणी तेथे दाटीवाटीने उभे राहतात. अंग खाजविण्यासाठी हत्ती पाय उचलतो आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसतो. पाय खाली ठेवला तर ससा मरेल. अडीच दिवस तो पाय तसाच वर राहतो. वणवा शमतो, ससा निघून जातो, आणि ताठरलेला पाय टेकविताना तो प्रचंड देह कोसळतो. तोच जीव पुढे श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार होतो. दीक्षेच्या पहिल्याच रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंच्या पावलांनी त्याची झोप मोडते, तो घरी परत निघतो, तेव्हा भगवान महावीर त्यास हा पूर्वभव सांगतात.

दादाजींनी आजवर या कथेत सशाचा जीव पाहिला होता आणि हत्तीचे पुण्य पाहिले होते. सकाळी तो दुमडलेला पाय पाहिल्यापासून त्यांना प्रथमच पायाचे वजन जाणवत होते. चार टनांचा देह तीन पायांवर, अडीच दिवस. वैशाखात कोणता तरी हत्ती त्यांच्यासाठी तसाच गुडघा वाकविणार होता, आणि त्यांच्या हाती आगमग्रंथ असणार होता.

सकाळी त्यांनी नगरला संघाच्या कार्यवाहांना फोन लावला.

“वरघोड्यासाठी हत्ती ठरलाय, तो रद्द करा.”

“शेठजी, काही अडचण आली का? चढाव्याच्या रकमेचं म्हणाल तर सवडीनं...”

“रकमेत एक रुपया कमी होणार नाही. बोली बोललो ती बोललो. आणि माहुताला दिलेला इसार परत मागू नका. ठरलेले सगळे पैसे त्याला पोहोचवा. त्याचं पोट त्याच्यावरच आहे.”

“पण मग ग्रंथ घेऊन बसणार कशावर? हत्तीशिवाय वरघोड्याला शोभा काय?”

“बसणार नाही. चालेन.”

पलीकडे काही वेळ कोणी बोलले नाही. गोष्ट तेवढ्यावर मिटलीही नाही. नगरला परतल्यावर बैठक झाली. पूर्वजांपासून चालत आलेली प्रथा मोडणारे आपण कोण, असे एका ज्येष्ठांनी विचारले. ते बोलणे अगदीच निराधार नव्हते, कारण वरघोडा शासनाच्या प्रभावनेसाठी असतो आणि हत्ती पाहावयास सारे गाव लोटते. दादाजींनी वाद घातला नाही. दादीजींनी सांगितलेले पाच शब्द तेवढे त्यांनी क्रमाने उच्चारले आणि म्हणाले, “आपण सगळे रोज यांची माफी मागतो. या वर्षी एक दिवस मागावी लागू नये, इतकंच.” लाकडी हत्तीचा रथ आणावा, अशी तोड निघाली. माणसांनी ओढावयाचा, चाकांवर चालणारा.

दुबारेस जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हत्तींचे स्नान सकाळी असते. पहाटे कुशालनगरहून निघणे सोयीचे. पावसाळ्यात कावेरी भरलेली असते आणि नाव बंद असू शकते. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी शिधा बरोबर घ्यावा. हत्तीच्या मागून जाऊ नये, त्याच्यासमोर ओरडू नये, फ्लॅश वापरू नये, आणि माहुताने सांगितल्यावाचून काहीही भरवू नये. डोळ्यामागून काळपट स्राव वाहणारा नर मदावर असतो. त्याच्यापासून दूरच राहावे. लहान मुलांना अवश्य न्यावे. त्यांना साखळीविषयी प्रश्न पडतील, आणि ते पडू द्यावेत.

वैशाखात वरघोडा निघाला. ऊन कडक होते. दादाजी अनवाणी, मस्तकी ग्रंथ घेऊन, नव्या पेठेपासून चालले. नातू शेजारी छत्री धरून होता, पण छत्रीची सावली पायांपर्यंत पोहोचत नव्हती. अर्ध्या वाटेवर डांबर इतके तापले की ते कडेच्या मातीवरून चालू लागले. कोणी तरी चप्पल पुढे केली. त्यांनी मानेने नकार दिला. गर्दी हत्ती असता तर जमली असती तेवढी नव्हती, हे खरे. संध्याकाळी दादीजींनी गार पाण्याच्या परातीत त्यांचे पाय ठेविले, तेव्हा तळव्यांना दोन फोड आले होते.

नातवाने विचारले, “दादाजी, हत्तीच्या पायाला पण येतात?”

“येत असतील. त्याला सांगता येत नाही.”

आडतीच्या गल्ल्यात, पावतीपुस्तकाखाली, दोन्ही टोकांना गाठी मारलेली साडेचार फुटांची एक सुतळी अजून आहे. मुनीमजींनी ती एकदा पोते शिवावयास घेतली होती. दादाजींनी ती परत मागून घेतली आणि जागच्या जागी ठेवली.